चरबीवरची बोटुकली

आक्का खरं म्हणजे एकाच माणसाची आक्का होती, तिच्या धाकट्या भावाची. पण तो लहानपणी दिवसभर 'आक्का, आक्का' करून इतका कोकलायचा की ऐकून ऐकून शेजारीपाजारी तिला आक्का म्हणायला लागले, मग दूधवाला, मग पोस्टमन, आणि शेवटी तिच्याहून वयानं चांगली मोठी असलेली माणसंसुद्धा. तिची हरकत नव्हती. आई गेली तेव्हा भाऊ पाळण्यात होता. त्याला वाढवता वाढवता आपण कधी वाढलो, हे तिचं तिलाही आठवत नसे.

वडिलांनी घरामागे मत्स्यबीज केंद्र काढलं होतं. केंद्र हा शब्द पाटीवरचा. प्रत्यक्षात पत्र्याची एक लांब शेड, तिच्यात सिमेंटच्या गोल टाक्या, आणि टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी आणून त्या टाक्यांत सोडणारा एक लोखंडी पाइप. पाणी बारमाही गार, हात घातला की बोटं बधिर होणारं. ते सतत वाहायचं, आणि घरातल्या कुठल्याही खोलीत बसलं तरी त्याची धार कानावर असायची. अंड्यांतून नुकती निघालेली पिल्लं जिऱ्याच्या दाण्यासारखी दिसतात म्हणून त्यांना जिरेच म्हणतात. बोटाएवढी झाली की बोटुकली. जिऱ्यांची बोटुकली व्हायची ती आक्काच्या हाताखाली. पुढं आसपासचे तळीवाले येऊन ती घेऊन जायचे, आपापल्या तळ्यात सोडायचे आणि मोठे मासे करून विकायचे.

वडील अचानक गेले तेव्हा आक्का कॉलेजात होती. शिक्षण सोड असं तिला कुणी म्हटलं नाही. टाक्यांकडे एक दिवस बघितलं नाही तर काय होतं हे तिला माहीत होतं, एवढंच. नदीकाठच्या पाणचक्कीवाल्यांच्या घरून तिला एकदा मागणीही आली होती. भाऊ तेव्हा शाळेत जात होता. "थोडं थांबता येईल का?" असं तिनं निरोप्याकडून विचारून घेतलं. मुलगा थांबला असता, त्याच्या आईला थांबवलं नाही. त्याचं लग्न दुसरीकडे झालं, आणि आक्काच्या लग्नाचा विषय जो मागे पडला तो पडलाच.

माशांचं खाद्य ती घरीच करायची. सुक्या मासळीची भुकटी, पीठ, आणि वरून माशाचं तेल. सगळं मळायचं, जाळीतून पाडायचं, वाळवून बारीक दाणे करायचे. त्या तेलाचा वास तिच्या केसांत, उशीत, स्वेटरात मुरलेला असायचा. "आक्का गल्लीत शिरल्या की मांजरं उठून उभी राहतात," असं भावजय म्हणायची. भावजय मनानं वाईट नव्हती. फटकळ होती, आणि त्या वासानं तिचं डोकं उठायचं हेही खरं होतं.

भाऊ मोठा झाला, केंद्राचा मालक झाला, पण टाक्यांजवळ तो फारसा रमला नाही. त्याचा जीव बोलण्यात. गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्ची दे, शेड दाखव, पाठीवर थाप मार, हे त्याला उत्तम जमायचं. गिऱ्हाईक मात्र सगळं ऐकून घेऊन शेवटी आक्काला विचारायचं, "कशी आहेत यंदा?" ती जे सांगेल त्यावर मग पिंपं भरायची का नाही ते ठरायचं. एका वर्षी तिनं तोंडावर सांगितलं होतं, "या खेपेची नका नेऊ, पुढची न्या." भाऊ तेव्हा आठवडाभर गाल फुगवून बसला होता.

मग एका हिवाळ्याच्या तोंडाशी तेलवाला रिकाम्या हातानं आला. ज्या बारक्या मासळीचं तेल काढतात ती यंदा किनाऱ्याला फिरकलीच नाही म्हणाला. जे थोडंफार निघालं ते गोळ्या करायला औषधवाल्यांनी उचललं.

"माशांचं तेल माणसं गिळायला लागलीत, आक्का. माशांना कुठून देऊ?" असं म्हणून तो आपल्याच विनोदावर हसला आणि निघून गेला.

टाक्यांत तर जिरे सुटलेले. दोन दिवस भाऊ फोनवर फोन करत राहिला. तिसऱ्या दिवशी तो खाटीकखान्यातून पोत्यात गुंडाळलेल्या पांढऱ्या शुभ्र वड्या घेऊन आला. जनावरांची चरबी.

"चरबी ती चरबी," तो म्हणाला. "तेल पातळ, ही घट्ट. एवढाच काय तो फरक."

आक्काला हे पटलं. इथं तिची बाजू घेऊन काही सांगण्यात अर्थ नाही. तिला ते मनापासून पटलं. मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात ती चरबी वितळवायला लागली. वितळली की ती नितळ सोनेरी दिसायची, वासही फारसा नाही. भावजय तर खूश झाली. बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा ती जेवताना आक्काच्या शेजारी बसली.

आणि पिल्लांनी काय बाळसं धरलं! एरवी या दिवसांत ती नुसती डोळे आणि शेपटी असायची. यंदा पोटं गोल, पाठी रुंद, दाणे टाकले की पाण्याला उकळी फुटल्यासारखी तुटून पडायची. आक्का टाकीच्या कठड्याला पोट टेकवून तासन् तास बघत राहायची. भाऊ लहानपणी नुसता काटकुळा होता. त्याच्या अंगाला मांस चढावं म्हणून तिनं काय काय नव्हतं केलं. गुबगुबीत पोर म्हणजे निरोगी पोर हे तिच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. तिनं आपण होऊन चरबीचं प्रमाण थोडं वाढवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

टाकीच्या कडेला मेणासारखा एक चिकट थर जमायला लागला. तो ती रोज सकाळी ब्रशानं घासून काढायची. चरबी गार पाण्यात थिजणारच, त्यात काय एवढं, असं तिला वाटलं.

हिवाळा सरत आला तशी वाढ रेंगाळली. पोटं सुटत होती पण लांबी वाढेना. मग काहींच्या शेपटीच्या कडा विरलेल्या कापडासारख्या दिसायला लागल्या. आणि एके दिवशी सकाळी आक्काच्या हातून पत्र्याची बादली निसटून टाकीच्या कठड्यावर आदळली. मोठा आवाज झाला. पिल्लं एकदम उसळली, आणि पुढच्याच क्षणी त्यांतली निम्मीशिम्मी आडवी झाली. कुशीवर, पांढरी पोटं वर, हळूहळू तळाशी चाललेली.

आक्कानं बादली उचललीही नाही. ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं एकेक पिल्लू वळवळलं, सरळ झालं, पोहायला लागलं. काही झालीच नाहीत. ती तिनं गाळणीनं काढून बादलीत टाकली आणि घरात काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम कठड्यावर हात आपटून पाहिला. पुन्हा तेच. माशांना भोवळ येत होती.

सरकारी मत्स्यखात्यातली डॉक्टरीणबाई अधूनमधून या भागात फेरी मारायची. आक्कानं तिला बोलावून घेतलं. ही तरुण, कमी बोलणारी बाई. बूट बाहेर काढून, बाह्या सरसावून आली. तिनं एक पिल्लू शेडमधल्या, पिल्लं निवडायच्या टेबलावर घेतलं आणि लहान कात्रीनं त्याचं पोट उघडलं.

"हे यकृत," ती म्हणाली. "गडद तांबडं हवं. हे बघा."

ते फिकट पिवळं होतं, सुजलेलं. कात्रीचं टोक लागलं तसं लोण्यासारखं फाटलं.

"यांना खायला काय घालताय?"

आक्कानं सगळं सांगितलं. प्रमाण वाढवल्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावली नाही. तिनं हात धुतले आणि टेबलाच्या कडेवर टेकून शांतपणे समजावलं.

"तुम्ही उपाशी नाही ठेवलंत यांना. पोट भरत होतं, म्हणून तर इतकी भराभर फुगली. पण चरबी नुसती जाळायला लागत नाही, अंग बांधायलाही लागते. शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक पातळ पापुद्रा असतो, तो तेलकट पदार्थांचाच बनलेला. त्यासाठी जे लागतं ते माशाच्या तेलात असतं. या पिल्लांना ते स्वतःच्या अंगात तयार करता येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. जनावरांच्या चरबीत ते जवळजवळ नसतंच. त्यातून पाणी इतकं गार. ती चरबी धड पचतही नाही आणि पापुद्रे ताठर होतात. मग जरा धक्का बसला की यांचं अंग तो सोसत नाही."

"मग आता?"

"जवसाचं तेल मिळेल ना? या जातीच्या गोड्या पाण्यातल्या माशांना तेही बरंचसं चालतं. चरबी आजपासून बंद. पण लगेच गुण येणार नाही. निदान दीडदोन महिने यांना हलवू नका. जाळी नको, पिंप नको, गाडी तर नकोच."

भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं डॉक्टरीणबाईला हसतमुखानं गाडीपर्यंत पोचवलं, पुन्हा या म्हणाला, आणि परत येऊन टेबलाजवळच्या पिंपावर बसला.

"दीडदोन महिने म्हणजे हंगाम गेला," तो म्हणाला. "तळीवाले पुढच्या आठवड्यात येणार."

"त्यांना सांगू, थांबा म्हणून."

"थांबतील? टेकडीपलीकडे ते नवं केंद्र झालंय, पाहिलंस ना? काचेच्या टाक्या, यंत्रानं खाद्य. एकदा माणूस तिकडे गेला की गेला. आपल्याकडे परत कशाला येतोय?"

"अरे पण बाळ..." बेचाळीस वर्षांच्या भावाला ती अजून बाळच म्हणायची.

"आक्का, तळ्यात किडे असतात, शेवाळ असतं. मोकळ्या पाण्यात गेली की आपोआप सावरतील. सावरतील का नाही? तू सांग."

आक्काला खरोखरच तसं वाटलं. तळ्यातल्या खाण्यात काही ना काही असतंच. तिथवर पोचली तर सावरतीलही.

"पोचली तर," ती म्हणाली. "थांबू या का रे आपण?"

ती हे हळू आवाजात म्हणाली, हातातल्या फडक्यानं टेबल पुसता पुसता. भाऊ उठला, त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"लोक तुझ्या तोंडाकडे बघून घेतात, आक्का. या वेळेला तेवढं सांभाळून घे. माझ्यासाठी."

तिनं फडकं पिळून खिळ्याला अडकवलं.

सगळ्यांत आधी आले ते चक्कीवाले, एकेकाळी तिच्यासाठी थांबायला तयार असलेले तेच. चक्की बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलेलं. बायको गेली, मुलगी लग्न होऊन दूर शहरात. चक्कीमागचं तळं तेवढं त्यांचं उरलं होतं. त्या हिवाळ्यात त्यांनी ते एकट्यानं उपसलं होतं, तळाचा गाळ काढला होता, बांध नीट केला होता. पाय अधू, तरीसुद्धा. ते दुसऱ्याची छोटी मालवाहू गाडी आणि चालक घेऊन आले, मागे पाण्याची पिंपं. शेडच्या दारात टोपी काढून उभे राहिले.

"कशी आहेत यंदा?"

टाकीत डोकावून बघायची त्यांना कधी सवयच नव्हती. ते आक्काकडे बघायचे.

"चांगली भरलीत," आक्का म्हणाली. ती पाइपाच्या तोटीकडे बघत होती.

"तळं अगदी आरशासारखं केलंय. तुम्ही एकदा बघायला या."

"येईन ना."

भाऊ लगबगीनं पुढे झाला. "तुम्ही इथं गारठ्यात कशाला उभे? आत चला, चहा घ्या. भरायचं आम्ही बघतो." भावजयीनं त्यांना घरात नेलं. चालक गाडीत बसून होता. मग भावानं जाळी टाकीत घातली. उचलली तेव्हा जाळीतली बोटुकली वळवळत होती. पिंपाच्या तोंडाशी पोचेपर्यंत वळवळ थांबली होती. ती पिंपात ओतली, झाकण लावलं. दुसरी जाळी. तिसरी. आक्का पिंपं धरून उभी होती. झाकण लावण्याआधी प्रत्येक पिंपात तिला पांढरी पोटं दिसत होती आणि ती मनात म्हणत होती, वळा, वळा, सरळ व्हा. बरीचशी झालीही.

चक्कीवाले चहा घेऊन बाहेर आले, झाकणांवरून हात फिरवला, आणि गाडी गेली. शेडपासून पक्क्या रस्त्यापर्यंतची वाट सगळी खड्ड्यांची. पिंपं एकमेकांवर आदळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चालक सांगायला आला. पुलापाशी झाकण उघडून पाहिलं तेव्हाच निम्मी उलटी होती म्हणाला. चक्कीवाल्यांनी तरी सगळी तळ्यात सोडली, सुधारतील म्हणून. थोडी पोहत गेली. रात्रीत काठाला पांढरा थर जमला.

"आणि तळ्यातले जुने मोठे मासे?" आक्कानं विचारलं. विणीसाठी राखलेले काही मोठे मासे चक्कीवाल्यांनी गाळ काढताना कोपऱ्यातल्या डबक्यात जपून ठेवले होते, आणि नंतर तळ्यात सोडले होते, हे तिला माहीत होतं.

"तेही वरती येऊन तोंड उघडतायत. इतकी मेलेली कुजायला लागल्यावर पाण्यात राहणार काय?"

आक्कानं रबरी बूट चढवले, दोन मोठ्या गाळण्या घेतल्या आणि चालत निघाली. भाऊ मागून हाका मारत होता. ती वळली नाही.

चक्कीवाले कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. जुन्या चाळणीला काठी बांधून मेलेली बोटुकली काठावर काढत होते. तिला पाहून त्यांनी मान हलवली, बाकी काही नाही. तीही पाण्यात उतरली. दोघं दुपार टळेपर्यंत गाळत राहिली. काठावर ढीग साठत गेला, त्याच्यावर कावळे उतरायला लागले. मधेच एक मोठी मादी तिच्या पायाशी येऊन आपटली, पोट अंड्यांनी टच्च भरलेलं. आक्कानं तिला दोन्ही हातांनी धरून नदीचं पाणी तळ्यात येतं त्या चरीच्या तोंडाशी नेलं, ताजं पाणी कल्ल्यांतून जावं म्हणून पुढं मागं हलवत राहिली. मादीनं कल्ले दोनचारदा उघडले आणि मग उघडले नाहीत. आक्कानं तिला काठावर ठेवलं, ढिगापासून वेगळं.

काम उरकल्यावर ती बांधावर बसली. चक्कीवाले जरा अंतर ठेवून बसले. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते.

"त्यांना आधीच दुखणं होतं," आक्का म्हणाली. "तेल मिळालं नाही म्हणून चरबी घातली आम्ही. धक्का सोसत नव्हता त्यांना. मला ठाऊक होतं."

त्यांनी चाळणीला अडकलेलं एक पिल्लू बोटानं सोडवून काढलं.

"काल ठाऊक होतं?"

"काल ठाऊक होतं."

"असू दे, आक्का," ते म्हणाले. "तुम्ही आता घरी जा. भिजलाय."

सगळा गाव तिला आक्का म्हणत होता. त्यांनी मात्र आजवर कधी म्हटलं नव्हतं. समोर असली की ते सरळ बोलायला सुरुवात करायचे, हाक मारायचं काही ना काही करून टाळायचे. ती घरी येईपर्यंत तिच्या कानात तो एकच शब्द होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिला परका वाटला.

चरबी तिनं त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली. जवसाचं तेल आणायला ती बाजारातल्या तेलाच्या दुकानात गेली. आत गर्दी होती, आणि गर्दीच्या मधोमध भाऊ. पाठमोरा. दोन तळीवाल्यांना सांगत होता, "म्हातारा माणूस हो. वाटेत गाडी उन्हात उभी केली असणार, पाणी तापलं. हाताळणी चुकली की काय होणार? आमचा माल तर तुम्ही बघताच."

"हाताळणी नाही चुकली," आक्का म्हणाली.

सगळे वळले. भावानं डोळ्यांनी तिला गप्प बस म्हणून खुणावलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. लहानपणी शाळेत काही मोडलं की तो असाच बघायचा, आणि प्रत्येक वेळी आक्कानं ते आपल्या अंगावर घेतलं होतं.

"पिल्लं आमच्याकडेच बिघडली होती. मी बिघडवली, खाण्यात. डॉक्टरीणबाईंनी हलवू नका म्हणून बजावलं होतं, तरी आम्ही दिली. अजून टाक्यांत आहेत तीही तशीच आहेत. कुणी नेऊ नका."

मग तिनं जवसाचं तेल मागितलं, दुकानदारानं डबा तिच्यापुढं सरकवला. ती डबा उचलून बाहेर पडली.

त्या दिवसापासून भाऊ तिच्याशी बोलेनासा झाला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता ती ज्या खोलीत असेल तिथून उठून जायचा. भावजयीनं एकदा स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता म्हटलं, "चारचौघांत बोलायची काय गरज होती, आक्का? घरात बोलला असतात."

"घरात बोलायची संधी होती ग. ती मी घालवली."

भावजयीनं तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं भांडं जरा जास्तच जोरानं ठेवलं. नंतर मात्र ती आपणहून शेडमध्ये आली आणि जवसाचं खाद्य मळायला तिनं हात लावला. तेवढं तिनं केलं.

पिल्लं सावरली. डॉक्टरीणबाई म्हणाली होती त्याच्या आसपासच. शेपट्यांच्या कडा भरून आल्या, पोटं आत गेली, लांबी धरली. आक्का कठड्यावर थाप मारायची तेव्हा सगळी सळसळत दुसऱ्या टोकाला जायची आणि तिथं घोटाळायची. एकही आडवं होत नव्हतं. त्या दिवशी ती बूट न बदलताच चक्कीकडे गेली. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होती. पिंपभर निवडक पिल्लं आणून देते, मी स्वतः गाडीत बसून येते, हात लावू देणार नाही कुणाला.

चक्कीपुढं एक मोटार उभी होती. घरात चक्कीवाल्यांची मुलगी गोधड्यांच्या घड्या घालत होती. बाबांना पाण्यात उभं राहून छातीत कफ झाला तो जातच नाही, म्हणून त्यांना आपल्याकडे नेतेय, असं तिनं सौजन्यानं सांगितलं आणि बसायला खुर्ची दिली. ती कुणाशी बोलतेय हे तिला माहीत नसावं. चक्कीवाले आतून आले. अंगात कोट, गळ्याभोवती गुंडाळलेलं फडकं. एकदम म्हातारे दिसत होते.

"बरी झाली," आक्का म्हणाली. "टाकीवर हात मारला तरी काही होत नाही. तुम्हाला..."

"तळं सोडून दिलं मी. पाणी काढून टाकलं." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "उड्या मारतात?"

"मारतात."

"बरं झालं." ते खोकले. "बरं झालं, वाचली ती."

मुलीनं त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. आक्का रस्त्यापर्यंत गेली नाही, अंगणातूनच पाहत राहिली. घरी परतताना तिनं बांधावरून खाली नजर टाकली. तळ्याच्या जागी भेगाळलेला चिखल होता.

त्या वर्षी टाक्यांतली पिल्लं कुणी न्यायला आलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. टेकडीपलीकडच्या केंद्रानं सगळे तळीवाले आपल्याकडे ओढले. आणि थोड्या दिवसांनी भावालाही. गिऱ्हाइकांशी बोलायला त्यांना चांगला माणूस हवाच होता. तो आणि भावजय तिकडेच दोन खोल्यांत राहायला गेली. निघताना तो आक्काच्या पाया पडल्यासारखं काहीतरी करायला वाकला आणि अर्ध्यावरच बॅग उचलण्याचं निमित्त करून सरळ झाला.

आक्का एकटी राहिली. एका टाकीपुरतं पाणी चालू ठेवलं, बाकीच्या कोरड्या पडल्या. त्या टाकीतली बोटुकली आता बोटाएवढी कसली, हाताएवढी झाली होती, त्यांना वळायलाही जागा पुरत नव्हती. तरी ती त्यांना जवसाचे दाणे घालत राहिली. विकायची कुणाला आणि सोडायची कुठं, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारायचं बंद केलं होतं.

भाऊ सुटीच्या दिवशी अधूनमधून यायला लागला. येताना पाव आणायचा, काहीतरी फळं आणायचा. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसून पाण्यापावसाचं बोलायची. गेलेल्या गोष्टीचं नाव कुणी काढायचं नाही. मग एका खेपेला त्यानं कप खाली ठेवून विचारलं,

"चक्कीवाल्यांची काही खबर?"

"ते गेले," आक्का म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात. मुलीनं कळवलं."

त्याला हे माहीत नव्हतं. तो टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या कापडावर नखानं रेघा ओढत बसला. कानशिलं पांढरी झाली होती त्याची. कधी झाली ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तू मला थांब म्हणायला हवं होतंस," तो खाली बघत म्हणाला.

"म्हटलं होतं रे."

"जोरात म्हणायला हवं होतंस, आक्का."

तिनं पावाचा तुकडा मोडला, त्याच्या बशीत ठेवला. तेवढ्यात शेडकडून येणारी पाण्याची धार बारीक झाल्यासारखी वाटली. पाइपाच्या तोंडाशी पाचोळा अडकला असणार. ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"बस तू," ती म्हणाली. "मी बघून येते."